जास्वंद, कण्हेर आणि हर्सूलचे पाणी

हर्सूलला वीस बाय तीसचा प्लॉट घ्यायचा, दोन खोल्या काढायच्या आणि वास्तुशांत आटोपली की गेटच्या एका अंगाला जास्वंद लावायची, दुसऱ्या अंगाला कण्हेर. जटवाडा रस्त्याच्या आणि जळगाव रस्त्यालगतच्या वसाहती वाढताना मी पंचवीस वर्षे पाहते आहे. ही जोडी नाही अशी गल्ली मला आठवत नाही. दोन्ही फुले देवाला चालतात, दोन्ही झाडे फांदी खोचून येतात, दोन्हींना वर्षातले बहुतेक महिने फूल असते. लावणाऱ्याला एवढे पुरते. चार-पाच वर्षांनी त्याच गल्लीतून जावे तर कण्हेर भिंतीच्या वर गेलेली असते आणि जास्वंदीच्या जागी पिवळ्या पानांच्या चार काड्या उरलेल्या असतात.

मग घरोघरी दोन वाक्ये ऐकू येतात. "आपल्या जमिनीत जास्वंद येत नाही." आणि, "कण्हेर उपटून टाका, घरात लेकरं आहेत." पहिले निराशेतून येते, दुसरे भीतीतून, आणि दोन्हींत तथ्य आहे. पण तेवढ्यावर झाडे काढून टाकावीत हे मला पटत नाही. दोघींचे स्वभाव शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: जास्वंदीची काळजी तिच्या मुळाशी आणि पानाखाली घ्यायची असते, कण्हेरीची काळजी तिच्या आसपास वावरणाऱ्या जिवांसाठी घ्यायची असते. आपण दोघींना सारखेच पाणी घालतो, सारखेच खत टाकतो आणि दोघींबद्दल चुकतो.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. हर्सूल छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. खाम नदी जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, हर्सूलचा तलाव तिच्याच वाटेवर. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढे याच बाजूच्या पायथ्याचे झिरपे पाणी नहरीने गावात खेळवले. चारशे वर्षांपूर्वी शहराला पाणी पाजणारा हा भाग. आज इथल्या कितीतरी गल्ल्या बोअर आणि टँकरवर जगतात, आणि शहराचे नळाचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते, तेही काही दिवसांआड. पाऊस वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे. वरची काळी माती कुठे हातभर, कुठे वीतभर; खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. घर बांधताना पायातून निघालेला मुरूम अंगणातच पसरतात, त्यात सिमेंटचा उरलेला माल, विटांचे तुकडे, चुना सगळे मिसळते. त्या भरावात खड्डा करून आपण जास्वंद लावतो.

बोअरचे पाणी या पाषाणातून झिरपत येते आणि येताना चुना विरघळवून आणते. नळाच्या तोटीवर, बादलीच्या काठावर, कुंडीच्या कडेवर जो पांढरा थर बसतो तो हाच. शेतीखात्याच्या भाषेत मातीचा आणि पाण्याचा सामू सात असला तर मध्यम, त्याच्या वर गेला तर विम्ल. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त जमिनींचा सामू आठच्या पुढे सहज जातो. जास्वंदीला सहा ते सातच्या दरम्यानची, किंचित आंबट बाजूची माती मानवते. कण्हेरीला आठही चालतो.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, जास्वंदीचे फूलच पुरते. शाळेत आम्ही हा प्रयोग केला होता, पण त्याचा अंगणाशी संबंध कळायला पन्नाशी यावी लागली. लाल जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या कपभर कडकडीत पाण्यात टाकून झाकण ठेवा. अर्ध्या तासात पाकळ्या फिक्या पडतात आणि पाणी जांभळट होते. त्याचे दोन-दोन चमचे तीन काचेच्या पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळले की रंग गर्द गुलाबी होतो. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की हिरवा. तिसऱ्यात आपल्या बोअरचे पाणी ओता आणि बघा रंग कोणत्या बाजूला झुकतो. माझ्याकडे तो निळसर होऊन हळूहळू हिरव्याकडे गेला. पावसाचे साठवलेले पाणी घातलेला चौथा पेला मात्र जांभळाच राहिला. खिडकीत उजेडात ते पेले ओळीने ठेवले तेव्हा मला माझ्या जास्वंदीच्या दहा वर्षांच्या आजाराचे कारण एकाच नजरेत दिसले.

आजार असा असतो. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जणू कोणी पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने झाड काढले आहे. जुनी, खालची पाने हिरवी असतात. हे लोहाच्या उपासमारीचे लक्षण. उसावर असा पिवळेपणा आला की शेतकरी "केवडा पडला" म्हणतात, आणि आपल्याकडच्या मोसंबीच्या बागांना हा त्रास नवा नाही. गंमत अशी की मातीत लोह मुबलक असते. काळा पाषाण लोहाने भरलेलाच आहे. पण चुनखडीच्या मातीत ते अशा रूपात अडकून पडते की मुळांना घेता येत नाही. बघणाऱ्याला वाटते झाडाला पाणी कमी पडले, म्हणून तो तेच चुन्याचे पाणी आणखी घालतो. मीही तेच केले.

उपाय महाग नाही, चिकाटीचा आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, खतांच्या दुकानात सुटी मिळते. ती नुसती मातीत टाकली तर दोन-चार दिवसांत गंजासारखी होऊन निरुपयोगी ठरते. म्हणून ती पानांवर द्यायची: लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. पाणी पावसाचे असले तर उत्तम. नवी फूट हिरवी येऊ लागली की समजावे लागू पडले. पिवळी झालेली पाने पुन्हा पूर्ण हिरवी होतीलच असे नाही. मातीत द्यायचे असेल तर चुनखडीत टिकणारे चिलेटेड लोह मिळते, ते घेताना दुकानदाराला जमीन चुनखडीची आहे हे आधी सांगावे, कारण चिलेटचा साधा प्रकार आपल्याकडच्या सामूत फार काळ टिकत नाही. खड्ड्यातून भराव काढून फेकणे आणि तिथे पोयटा, चांगले कुजलेले शेणखत, पालापाचोळा भरणे हा कायमचा उपाय. दोन फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा लागतो. लावताना एक दिवस घाम गाळला तर पुढची दहा वर्षे फवारणीतून बरीच सुटका होते.

कण्हेरीला यातले काहीच लागत नाही, आणि तिचे हे बळ कुठून येते ते तिच्या पानात दिसते. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी कण्हेरीच्या पानाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो. पानाची कातडी एका थराची नसून अनेक थरांची असते. श्वास घेण्याची छिद्रे पानाच्या पाठीवर उघडी नसतात. ती खोल खळग्यांत दडलेली असतात आणि त्या खळग्यांच्या तोंडाशी बारीक केसांची लव असते. बाहेर लू वाहत असली तरी खळग्यातली हवा स्थिर आणि दमट राहते, पाणी उडत नाही. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या देशांत ती रानात उगवते ती मोसमी नद्यांच्या पात्रांत, जिथे चार दिवस पूर आणि आठ महिने धोंडे असतात. आपली खाम आठवावी. तिला हर्सूल परके वाटण्याचे कारणच नाही.

जास्वंदीचे उलट. लिनिअसने १७५३ मध्ये दोन्ही झाडांना शास्त्रीय नावे दिली, एकाच ग्रंथात. पण कण्हेरीचे रान आजही दाखवता येते, जास्वंदीचे नाही. रानात आपोआप उगवलेली अस्सल जास्वंद कुठेच सापडत नाही. तिला बी सहसा धरत नाही. माणसाने फांदी तोडून लावली, त्या फांदीचे झाड झाले, त्याची फांदी पुढच्याने नेली, अशी ती आशियाभर आणि पॅसिफिकच्या बेटांवर पोचली; मलेशियाने तर १९६० मध्ये तिला राष्ट्रीय फूल केले. तुमच्या दारातली लाल जास्वंद कोणाच्या तरी हातातून हातात आलेल्या अखंड फांदीचा शेवटचा तुकडा आहे. तिला माणसाचा हात लागतो याचे मला कधी ओझे वाटले नाही. तो तिचा इतिहासच आहे.

पाण्याचा हिशेब यातूनच निघतो. जमिनीत लागलेल्या, चार-पाच वर्षांच्या जास्वंदीला मी मे महिन्यात एक दिवसाआड पंधरा लिटरची बादली देते. कण्हेरीला तीच बादली दहा-बारा दिवसांनी, आणि ती विसरली तरी झाड तोंड पाडत नाही. जास्वंदीच्या बाबतीत प्रमाणाहून महत्त्वाचा नेम. चार दिवस कोरडी ठेवून पाचव्या दिवशी टँकर आला म्हणून पाइप सोडून दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली कळ्यांचा सडा पडतो. टपोऱ्या, उद्या उमलायच्या कळ्या. लोक त्याला दृष्ट लागली म्हणतात. तो पाण्याच्या अनियमितपणाचा परिणाम असतो, आणि काही वेळा कळीत शिरलेल्या किडीचा. गळलेली कळी नखाने उकलून पाहिली की कोणता ते कळते. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी तुंबले तरी जास्वंद कोमेजते, कारण मुळे गुदमरतात. म्हणून आळे खोलगट न ठेवता बुंध्याशी मातीचा उंचवटा आणि त्याच्या भोवती चर करावा. उन्हाळ्यात बुंध्यावर चार बोटे पालापाचोळा किंवा उसाच्या चिपाडांचे आच्छादन घातले की पाणी निम्म्याने कमी लागते, असा माझा अनुभव आहे.

पाण्याबाबत हर्सूलमधली सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. बोअरचे पाणी जड, म्हणून घरोघरी आरओचे मशीन. ते लिटरभर गोड पाणी देते तेव्हा दोन-तीन लिटर पाणी दुसऱ्या नळीने बाहेर टाकते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ते झाडांना घालतो. हेतू चांगला, पण गाळलेल्या पाण्यातले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. मी एक आख्खा उन्हाळा ते जास्वंदीला घातले. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग कुरकुरीत, आणि बुंध्याभोवतीच्या मातीवर पांढरी खपली धरली. तेच पाणी कण्हेरीला घातले तर तिला फरक पडला नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यातही ती वाढते. तेव्हापासून आमच्याकडे आरओचे पाणी फरशीला आणि कण्हेरीला, भाजी-तांदूळ धुतलेले पाणी जास्वंदीला. हा एक बदल केला तरी पुष्कळ घरांतल्या जास्वंदी वाचतील, असे मला मनापासून वाटते.

आता किडीकडे. जास्वंद कापसाच्या कुळातली आहे. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद या जवळच्या बहिणी. फुलंब्रीच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. तिच्यावरची कीड वाऱ्याने, मुंग्यांनी, कपड्यांना चिकटून गावात येते आणि तिला आपली जास्वंद ओळखीची वाटते. पिठ्या ढेकूण हा त्यातला मुख्य शत्रू. २००५ नंतरच्या काही वर्षांत देशातल्या कापसावर जो पिठ्या ढेकूण उसळला होता, त्याला जास्वंदही तितकीच आवडते. शेंड्याला, कळ्यांच्या देठाशी कापसाचे बारीक पुंजके चिकटल्यासारखे दिसते. बोटाने दाबले की चिकट रस येतो. शेंडा आखडतो, पाने मुठीसारखी वळतात.

विष फवारण्याआधी मुंग्या बघाव्यात. बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर त्या पिठ्या ढेकणाचा गोड रस न्यायला चालल्या आहेत, आणि त्या बदल्यात त्याची राखणही करतात. रांग तोडली की निम्मे काम झाले. आखडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, उकिरड्यावर फेकू नयेत. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचे पाणी, आणि आठवड्याने पाच टक्के निंबोळी अर्क. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली फुकट पडलेल्या असतात. वेचून, वाळवून ठेवल्या की वर्षभर पुरतात. द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलेमस नावाचे भुंगेरे सोडतात. त्यांच्या अळ्याही पांढऱ्या, झिपऱ्या, पिठ्या ढेकणासारख्याच दिसतात, पण भराभर चालतात. त्या चिरडू नयेत. कपाशीवरचा तो उद्रेक आटोक्यात येण्यातही एका गांधीलमाशीच्या कुळातल्या चिमुकल्या परजीवी माशीचा मोठा वाटा होता. अंगणात सरसकट विष मारले की हे मदतनीस आधी मरतात.

कण्हेरीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळाधमक मावा येतो, शेंड्यांना आणि कळ्यांच्या झुपक्यांना. दिसायला भयंकर, पण पाण्याने धुतला की जातो, आणि नाही धुतला तरी झाड मरत नाही. कण्हेरीची पाने खाऊ शकणारे जीव थोडेच. त्यात एक बोटाएवढी जाड हिरवी अळी असते. डोक्यामागे निळ्या-पांढऱ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके, शेपटीला शिंग. तिचा पुढे हिरवा-गुलाबी, देखणा पतंग होतो. दुसरी अळी एका तपकिरी-काळ्या फुलपाखराची. तिचा कोष मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोणीतरी पानाखाली कानातला डूल टांगला असे वाटले. चंदेरी-सोनेरी, इतका चकचकीत की त्यात माझा हात आणि मागची भिंत वाकडी-तिकडी उमटलेली दिसत होती. ही अळी कण्हेरीचे विष पचवते. असा एखादा कोष दिसला की मी त्या फांदीची छाटणी पुढे ढकलते.

फुलांबाबत दोघींचा व्यवहार अगदी वेगळा आहे. जास्वंदीचे फूल एका दिवसाचे. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते. पाण्यात ठेवा वा तबकात, तेवढेच टिकते. आदल्या संध्याकाळी तोडलेली भरलेली कळीही दुसऱ्या सकाळी देवापुढे उमलते. पण त्या एका दिवसात ते मधाने भरलेले असते. सकाळी सात ते नऊ या वेळात शिंजीर येतो, पाकळ्यांच्या पुढून तोंड न घालता फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध चोरतो. त्या जागी पाकळीवर बारीक भोक राहते. कण्हेरीचे फूल कित्येक दिवस टिकते, एकेरी जातीला गोड वासही असतो, पण त्यात मध जवळजवळ नसतोच. वासाला आणि रंगाला भुलून कीटक येतो आणि रिकाम्या हाताने जातो. अंगणात पाखरे हवी असतील तर जास्वंद लागेल. लांबून दिसणारा, महिनोन्महिने न सुकणारा रंग हवा असेल तर कण्हेर. राज्यातल्या महामार्गांच्या दुभाजकांत तीच लावतात. समोरच्या गाड्यांचा झोत ती अडवते, पाणी कमी मागते, आणि जनावरे तिला तोंड लावत नाहीत. जपानमधल्या हिरोशिमाने तिला शहराचे फूल मानले आहे, कारण १९४५ च्या अणुबाँबनंतर त्या राखेतून पहिल्यांदा फुललेल्या झाडांत ती होती.

जनावरे तोंड लावत नाहीत, हे मात्र अर्धसत्य आहे.

संस्कृतात जास्वंदीला जपा म्हणतात आणि कण्हेरीला करवीर. कण्हेरीचे आणखी एक नाव अश्वमारक, घोड्याला मारणारी. जुन्या लोकांनी ते उगाच ठेवलेले नाही. तिच्या पानात, फुलात, सालीत, मुळात, बीमध्ये, पांढऱ्या चिकात, सगळीकडे हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालणारे विष आहे. हिरवे पान अत्यंत कडू असते, म्हणून शेळी हुंगून सोडून देते. पान वाळले की कडूपणा कमी होतो, विष तसेच राहते.

आठ वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी कण्हेर छाटली आणि फांद्या भिंतीबाहेर रिकाम्या प्लॉटवर टाकल्या. घंटागाडी दोन दिवस आली नाही. फांद्या उन्हात वाळल्या. गल्लीतल्या एका आजींची शेळी तिथेच चरायची. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मला हाक मारायला आल्या. शेळी पडवीत आडवी होती, तोंडाला फेस, पोट फुगलेले, उभी केली की मागचे पाय लटपटून बसत होती. "बाई, काही तरी खाल्लं हिनं," एवढेच त्या म्हणाल्या. पशुवैद्य येईपर्यंत ती गेली. मी प्लॉटवर गेले तेव्हा माझ्या फांद्यांची वाळलेली पाने ओरबाडलेली दिसली. मी आजींना सांगितले, शेळीचे पैसे दिले. त्यांनी घेतले, आणि पुष्कळ दिवस माझ्या दारावरून जाताना मान वर केली नाही. गाभण शेळी होती ती.

तेव्हापासून कण्हेरीचे नियम मी स्वतःसाठी पक्के केले आणि जो विचारेल त्याला आधी तेच सांगते. छाटणी हातमोजे घालून, चीक डोळ्याला लागू न देता. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी पोत्यात भरून तोंड बांधून गाडीत द्यायच्या, नाहीतर खोल पुरायच्या. जाळायच्या नाहीत, धूरही घातक. तिची काडी ढवळायला, दात घासायला, शेगडीत घालायला वापरायची नाही. गोठा, पाण्याची टाकी, लहान मुलांची खेळायची जागा यांच्यापासून ती दूर हवी. कोणाच्या पोटात काही गेले असा नुसता संशय आला तरी घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, थेट घाटी रुग्णालय गाठायचे आणि काय खाल्ले त्याची फांदी सोबत न्यायची. पिवळी कण्हेर म्हणतात ती बिट्टी वेगळे झाड असले तरी तितकेच विषारी; तिच्या बियांनी मुले खेळतात, ते थांबवावे. केरळमध्ये मे २०२४ मध्ये एका तरुणीच्या मृत्यूनंतर त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य आणि प्रसादात कण्हेरीची फुले वापरणे बंद केले. आपल्याकडेही देवावरची फुले प्रसादाच्या ताटात पडतात. कण्हेरीचे फूल देवाला वाहावे, पण ताट वेगळे ठेवावे आणि निर्माल्य गाईपुढे टाकू नये. हर्सूलला हरसिद्धी मातेची नवरात्रातली गर्दी असते तेव्हा हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

जास्वंदीला उलट शेळीपासूनच वाचवावे लागते. तिची पाने शेळी आवडीने, देठासकट ओरबाडते. फुलांचा गुलकंद होतो, तेलात पाकळ्या उकळून केसांना लावतात. लहान मूल तिच्याशी खेळले तर काळजी नाही.

लागवड आणि छाटणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जून-जुलैत पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मुरूम-मातीत खोचली की दोन्ही जगतात. कण्हेर तर बाटलीतल्या पाण्यातही मुळे सोडते. जास्वंदीची फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरताना, फेब्रुवारीत, एक तृतीयांश छाटावी. डिसेंबर-जानेवारीत ती रुसते, पाने पिवळी करते. त्या महिन्यांत पाणी कमी आणि खत बंद. कण्हेर बहर ओसरल्यावर छाटावी, नाहीतर फुले शेंड्याला आणि बुडाशी नुसत्या काठ्या असे होते. रोपवाटिकेतल्या ताटाएवढ्या संकरित जास्वंदींचा मोह सगळ्यांना होतो. त्या कुंडीत, अर्ध्या सावलीत, रोज कोणी बघणारे असेल तरच घ्याव्यात. हर्सूलच्या उन्हाला साधी, पाच पाकळ्यांची लाल देशी जास्वंद.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. वीस बाय तीसच्या प्लॉटवर घराभोवती तीन फुटांची पट्टी उरते. कण्हेर मोकळी सोडली तर दहा-बारा फूट उंच आणि जवळपास तितकीच रुंद होते. गेटपाशी, येण्याजाण्याच्या वाटेवर ती लावू नये असे माझे ठाम मत आहे. पश्चिमेची, दुपारभर तापणारी मागची भिंत तिची जागा. तिथे दुसरे काही टिकतही नाही, आणि भिंतीची धग ती अडवते. घरात रांगते मूल असेल किंवा दारात जनावर बांधलेले असेल तर तेवढी वर्षे ती लावूच नये. जास्वंदीला मोरीच्या बाजूची, सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळणारी पूर्वेची कड. तिथून स्वयंपाकघरातले पाणी हाताने पोचते आणि येताजाता पानाखाली नजर जाते. जिथे रोज नजर जात नाही तिथे जास्वंद लावून उपयोग नाही. एकच झाड लावायचे असेल आणि पाणी खरोखरच टँकरचे असेल, तर कुढत जगणाऱ्या जास्वंदीपेक्षा मी कण्हेर लावीन, वरचे नियम भिंतीवर लिहून. भाजी धुतलेली एक बादली रोज निघत असेल तर पहिली जागा जास्वंदीची.

गेल्या पावसाळ्यापासून मी पत्र्याच्या पन्हळीखाली दोनशे लिटरचे टिपाड ठेवले आहे. त्यातले पाणी जास्वंदीच्या फवारणीसाठी आणि मे महिन्यातल्या कठीण आठवड्यांसाठी. यंदा शेंड्याची पाने हिरवी आली. आजींनी दोन वर्षांनी नवी शेळी घेतली. ती आता दावणीला असते. त्यांची नात दर चतुर्थीला पाच फुले न्यायला येते, परडी गेटवर ठेवते आणि "आजीनं सांगितलंय, लालच द्या" म्हणते. फुले देऊन झाली की मी झाडू घेऊन मागच्या भिंतीकडे जाते आणि कण्हेरीची गळलेली पाने एकही न ठेवता गोळा करते.